व्हॉल्व्हची पेटी आणि विमानतळाची रांग

१६ जानेवारी, गुरुवार

विमान गेलं. माझ्या डोळ्यांदेखत!

काचेपलीकडे उभं होतं, दार बंद. आणि गणवेशातली ती मुलगी म्हणते, "बाई, दोन मिनिटं आधी आला असतात तर..." दोन मिनिटं! अगं पोरी, तपासणीच्या रांगेत मी दीड तास उभी होते. पट्टा काढला, बूट काढले, कोट काढला, घड्याळ काढलं. आणि शेवटी पेटी.

पेटीचं दर वेळी तेच. बेचाळीस पितळी व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, दाब मोजायची दोन घड्याळं आणि वायरी. मशीनच्या पडद्यावर ते काय दिसत असेल देव जाणे. पहिला माणूस बघतो, तो दुसऱ्याला बोलावतो, दुसरा साहेबाला. "हे काय आहे?" कॉफी मशीनचे व्हॉल्व्ह. "एवढे?" विकते मी. अठरा वर्षं विकतेय! मग एकेक बाहेर काढून टेबलावर मांडतात. माझ्यामागे दोनशे माणसं सुस्कारे सोडतात.

झुरिकहून आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा, रेगुला आमान बाईंचा फोन. "श्रीमती ब्रुसादेल्ली, आम्ही सहा जण टेबलाशी बसलो आहोत." बस्स, एवढंच. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

नोव्हेंबरात एकदा असंच झालं होतं. आज दुसरी वेळ.

१७ जानेवारी, शुक्रवार

आमच्या कारखान्याचे मालक, फेर्मो वालसेक्की साहेबांसमोर उभी. ते खिडकीतून डोंगराकडे बघत बोलतात, म्हणजे चिडलेत हे समजायचं.

"ओर्नेल्ला, लवकर निघत जा."

"साहेब, पावणेचारला उठले होते."

"मग सव्वातीनला ऊठ."

म्हटलं, दुसरी काही सोय बघू का? तर म्हणाले, "झुरिकला माल विकायला जाणारा माणूस विमानानेच जातो. बाकी कशाने जातात ते मावशीला भेटायला." बहात्तर वर्षांचे आहेत. पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा आमच्या लेक्कोच्या वर्तमानपत्रात फोटो आला होता म्हणे. ते त्यांच्या डोक्यातून जात नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

आता ही नवी भानगड. आमचा व्हॉल्व्ह शिट्टी वाजवतो!

नवा असताना नाही. चार महिने झाले की. आमान बाईंनी एका हॉटेलातलं रेकॉर्डिंग पाठवलंय. सकाळी नाश्त्याला माणसं बसलेली, चमच्यांचा आवाज, आणि मध्येच कॉफी मशीनमधून बारीक, लांब, कानात सुई घातल्यासारखी शिट्टी.

अत्तिलियोला ऐकवलं. लेथवर तेहतीस वर्षं काढलेला माणूस. त्याने पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "ही शिट्टी माझ्या हातची नाही." आणि पाठ फिरवली.

मग कोणाच्या हातची? झुरिकला आमचा एक तृतीयांशाहून जास्त माल जातो. ते गेले तर इथल्या एकोणीस जणांतले किती उरतील हा हिशेब कोणी मोठ्याने करत नाही. मनात सगळेच करतात.

३० जानेवारी, गुरुवार

या वेळी 'जलद रांगे'चं तिकीट काढलं. साहेबांनीच काढायला लावलं. झालं काय, तर सगळ्या जगाने तेच काढलेलं! साध्या रांगेतली माणसं आमच्या शेजारून हसत हसत पुढे गेली. एक म्हातारबुवा तर टोपी काढून नमस्कार करून गेले.

झुरिकला चाळीस मिनिटं उशिरा. आमान बाईंनी आमचाच जुना व्हॉल्व्ह मशीनला लावला, वाफ सोडली. वाजला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी व्हॉल्व्हकडे.

"याचं कारण काय?" बाई म्हणाल्या.

"शोधतोय आम्ही."

त्यांनी वही मिटली. "सत्तावीस मार्चला अकरा वाजता या. कारण घेऊन या. आणि अकरा म्हणजे अकरा. त्या दिवशी दुपारी दुसरे पुरवठादार येणार आहेत."

वाईट बाई नाहीत त्या. दारापर्यंत सोडायला आल्या. तेच जास्त लागलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी कुरियरने पाठवली. मी पोचले, पेटी सरहद्दीवर अडकली. तीन लहान गिऱ्हाइकांकडे हात हलवत गेले. एकाने विचारलं, "मग दाखवणार काय?" मी म्हटलं, वर्णन करते!

हसावं की रडावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याची, देल्फिनोची गाडी घेऊन गेले. मोठ्या बोगद्याच्या अलीकडे दोन तास ठप्प. सगळे ट्रक, आणि मध्ये मी.

घरी आले तेव्हा नवरा स्वयंपाकघरात मासे तळत होता. सरोवरावरच्या बोटीचा चालक तो! आयुष्यात कधी रांग बघितलेली नाही. "पाण्यात बघ, कशी मोकळी जागा असते," म्हणाला. मी चप्पल फेकली. चुकवली मेल्याने.

मग म्हणतो, "अगं, आगगाडीने का जात नाहीस?"

"चार-चार तास बसून?"

त्याने पावाच्या पिशवीवर पेन्सिलने मांडून दाखवलं. घराच्या दारापासून आमान बाईंच्या दारापर्यंत. विमानाने, रांग धरून, पाच तास दहा मिनिटं. आगगाडीने, मोंझाला गाडी बदलून, चार तास चाळीस.

मी म्हटलं, तुला बेरीज येत नाही. पुन्हा मी करून बघितली. तीच आली. म्हणून जास्त राग आला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेले! आगगाडीने. साहेबांना न सांगता.

मोंझाला झुरिकची गाडी आली, मी चढले, पेटी पायाशी ठेवली. आणि कोणी काहीच विचारलं नाही. मी वाट बघत बसले होते, आता कोणीतरी येईल, उघडा म्हणेल. कियास्सोला सरहद्दीवर एक शिपाई आला.

"काय आहे यात?"

"कॉफी मशीनचे व्हॉल्व्ह. नमुने. कागद हे."

"बरं." आणि गेला. बरं! अठरा वर्षांत हा शब्द मी तपासणीवाल्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

बेलिंझोनाला एक गृहस्थ चढले. सत्तरीच्या पुढचे, खांदे अजून रुंद. हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी प्रचंड. समोरच्या सीटवर ते एखाद्या पाहुण्यासारखं बसवलं आणि शेजारी आपण बसले. घोंगडी सरकली तर आत तांब्याचं भांडं! मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटायचं, माझ्या आजोळी होतं तसं.

"लेकीकडे निघालो," त्यांनी आपण होऊन सांगितलं, इतक्या जोरात की डबा हलला. "झुरिकला असते. दर गुरुवारी जाऊन पोलेंटा करून घालतो. तिच्या घरातल्या पातेल्यात होत नाही!"

"भांडं तिथेच का ठेवत नाही?"

"काय?"

पुन्हा विचारलं, मोठ्याने.

"मग बुधवारी मी कशात करू?"

नाव प्लिनियो जुदिची. चाळीस वर्षं बेलिंझोनाच्या रेल्वे कारखान्यात ब्रेकचं काम. कान त्यातच गेले, हवेच्या फुसफुसाटात. मग पेटीकडे बोट. "आणि तुमचं काय शिजतंय?" मी हसले, पण सांगितलं नाही. डब्यातल्या सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

वीस मिनिटं आधी पोचले. गिऱ्हाइकाच्या गल्लीत बसून कॉफी प्यायले. बसून! माणसासारखी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कारखान्यात दोन अनोळखी माणसं. सूट, चकचकीत बूट. हातातल्या छोट्या यंत्राने भिंतींवर लाल ठिपका टाकून अंतर मोजत होते. लेथची नाही, खोलीची मापं. अत्तिलियोने विचारलं तर म्हणाले, "विम्याचं काम आहे."

"विमावाले मशीन बघतात," अत्तिलियो मला म्हणाला. "यांनी मशीनकडे बघितलंही नाही."

साहेबांचं दार दिवसभर बंद. त्यांचा मुलगा तोरिनोला दातांचा डॉक्टर आहे, मुलगी दूर दक्षिणेला. दोघांनाही व्हॉल्व्हशी देणंघेणं नाही. साहेब थकलेत हे सगळ्यांना दिसतं. पण विकतील? विकणार नाहीत. की विकतील?

६ मार्च, गुरुवार

हे नीट लिहून ठेवते.

बेलिंझोनाला प्लिनियोकाका चढले. हो, काका म्हणते मी आता त्यांना. भांडं बसवलं, घोंगडी नीट केली, आणि परत तोच प्रश्न. "पेटीत काय?" म्हटलं, जाऊ दे, ऐकू दे डब्याला. उघडली.

त्यांचा चेहराच बदलला. लहान मुलाला खाऊ दिसावा तसा. एक व्हॉल्व्ह उचलला, खिशातला चष्मा लावला, दोन बोटांत फिरवला. मी सांगितलं, चार महिन्यांनी शिट्टी वाजते. वाजणारा कुठला, विचारलं. दिला.

आता खरी गंमत. या माणसाला ऐकू येत नाही. त्यांनी व्हॉल्व्हच्या एका टोकाला तोंड लावलं, दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवला आणि फुंकलं. डोळे मिटून. परत फुंकलं. मी शिट्टी ऐकत होते, ते अंगठ्याने बघत होते.

"इथे," म्हणाले. "हवा एका बाजूने येतेय. केसाएवढी."

मग स्प्रिंग काढली, आतली रबराची चकती नखाने बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "बघा."

मला काही दिसेना. त्यांनी माझं बोट धरून चकतीवर फिरवलं. तेव्हा लागली. एक बारीक चीर, गोलाकार.

"रबर ज्या पितळी कडेवर टेकतं ना, ती कड तुमच्या माणसाने फार धारदार ठेवलीय. चांगला कारागीर आहे, दिसतंय. धारदार कड म्हणजे घट्ट बसणार असं सगळ्यांना वाटतं. बसतंही. पण दर वेळी उघडझाप झाली की ती कड रबराला कापते. चार महिन्यांत चीर. चिरेतून वाफ. वाफेची शिट्टी." व्हॉल्व्ह परत जोडून माझ्या हातात दिला. "ब्रेकमध्ये आम्ही याच चुकीपायी दोन वर्षं डोकं फोडलं. कडेची धार घालवा. अगदी थोडी. नखाला लागेल, डोळ्याला दिसणार नाही, एवढी."

मी तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. तेवढ्यात गाडी मोठ्या बोगद्यात शिरली आणि खिडकीत आम्ही दोघं आणि भांडं दिसायला लागलो.

इतकी वर्षं ही पेटी वेगवेगळ्या लोकांनी उघडली. किती जणांनी! एकानेही व्हॉल्व्हकडे व्हॉल्व्ह म्हणून बघितलं नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार

अत्तिलियोला सांगितलं. भडकला.

"रेल्वेवाला मला शिकवणार?"

"शिकवत नाही रे. म्हणाला, कारागीर चांगला आहे."

"आणि बहिरा आहे म्हणतेस! बहिऱ्याने शिट्टी कशी ऐकली?"

"अंगठ्याने."

"अंगठ्याने!" हातातलं फडकं आपटलं आणि जेवायला निघून गेला.

संध्याकाळी कोट घ्यायला टेबलाशी आले तर कागदावर एक व्हॉल्व्ह ठेवलेला. आतल्या कडेवर नख फिरवलं. गुळगुळीत.

अत्तिलियो घरी गेला होता.

१० मार्च, सोमवार

दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी लावले. एक जुना, एक नवा. वाफ सोड, बंद कर, सोड, बंद कर, रात्रंदिवस. दोन आठवड्यांत चार महिन्यांइतकी उघडझाप होते. सगळे जाता-येता तिथे थांबतात, जसं काही आजारी माणसाला बघायला.

१४ मार्च, शुक्रवार

दोन्ही गप्प.

१९ मार्च, बुधवार

जुना वाजला! नवव्या दिवशी. मी आनंदाने ओरडले आणि सगळे धावत आले. आपलाच माल बिघडला म्हणून नाचणारी विक्रेती जगात एकच असेल.

नवा गप्प आहे.

२४ मार्च, सोमवार

नवा अजून गप्प. चौदा दिवस झाले. मी अत्तिलियोला म्हटलं, जिंकलास! तर तोंडावर बोट. "हळू बोल. त्याला ऐकू जाईल."

साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. शिट्टीचं कारण, प्लिनियोकाका, आगगाडी. आगगाडीचं सांगताना जीभ अडखळली.

"किती वेळा गेलीस?"

"दोनदा, साहेब. दोन्ही वेळा वेळेआधी पोचले."

वाटलं आता खिडकीकडे वळणार. वळले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले, आणि मग हसले. "बरं. सत्तावीसला मीही येतो. तू तुझ्या आगगाडीने ये, मी माझ्या विमानाने. साडेसातचं आहे. तू उतरशील तेव्हा मी कॉफी संपवून बसलेला असेन. पैज?"

"पैज!"

नव्या व्हॉल्व्हबद्दल मात्र "छान झालं" एवढंच. दुसऱ्याच्या मुलाचा निकाल ऐकल्यासारखं. मला जरा लागलं. असो. येतायत ना, पुरे. बोलायचं काम त्यांचं. मी पेटी धरायची, मागितलेला नमुना पुढे करायचा, अडलं तर जर्मन शब्द पुरवायचा. कराराच्या बोलणीत अठरा वर्षं असंच चाललंय.

२७ मार्च, गुरुवार

कुठून सुरुवात करू!

मोंझाला गाडीत बसले तर साहेबांचा निरोप. "रांगेत आहे." मी मनात हसले. थोड्या वेळाने, "अजून रांगेतच." मग, "तपासणीचं एक मशीन बंद पडलंय." आणि सरहद्दीच्या अलीकडे, "विमान गेलं. पुढचं सव्वाला आहे. तू सुरू कर."

सव्वा म्हणजे दुपारचा सव्वा. म्हणजे साहेब नाहीत. म्हणजे मी. एकटी. सहा जणांसमोर, जर्मनमधून!

लुगानोला सरोवर चमकत होतं, आणि मला वाटत होतं उतरावं आणि त्यात उडी मारावी.

बेलिंझोनाला प्लिनियोकाका चढले. भांडं बसवलं. माझ्याकडे बघितलं. "शिट्टी गेली ना?" डबाभर आवाज. मी मान हलवली. "मग तोंड असं का?"

सांगितलं. पुन्हा मोठ्याने सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पलीकडच्या रांगेतला संगणकवाला तरुण म्हणाला, "काका, यांचे साहेब विमानतळावर अडकलेत आणि यांना एकटीला बोलायचंय!" काकांनी त्याला मान लववून धन्यवाद दिले.

"मला सांग," म्हणाले. "आत्ता. मी आमान बाई."

"काका, तुम्हाला ऐकू येत नाही."

"म्हणूनच. मला कळलं तर कोणालाही कळेल."

मग काय! पेटी उघडली, व्हॉल्व्ह भांड्याच्या झाकणावर मांडले. पहिल्यांदा मी पुटपुटले. काका: "काय?" दुसऱ्यांदा लांबड लावली, आमची कंपनी, आमची परंपरा. काका खिडकीबाहेर बघायला लागले. तिसऱ्यांदा सरळ म्हटलं: चूक आमची होती. कड धारदार होती. ती रबर कापत होती. ही बघा चीर. आता कड अशी केलीय. हा चौदा दिवस चाललेला व्हॉल्व्ह. फुंकून बघा.

काकांनी फुंकलं. अंगठा ठेवला. हसले.

संगणकवाला म्हणाला, "जर्मनमध्ये 'चीर'ला तुम्ही जो शब्द वापरताय ना, तो डोंगरातल्या भेगेला वापरतात." आणि योग्य शब्द लिहून दिला. बोगद्यात मी तोच घोकत होते.

स्टेशनवर काकांनी भांडं खांद्यावर घेतलं. "पुढच्या गुरुवारी सांग!" म्हणत गर्दीत गेले. अर्ध्या फलाटाने वळून बघितलं.

अकराला पाच कमी असताना दारात उभी. आमान बाई घड्याळाकडे बघत जिना उतरत होत्या. मला बघून थबकल्या. "श्री. वालसेक्की?"

"विमानतळावर आहेत. मी सांगते."

आणि सांगितलं. गाडीत सांगितलं तसंच, अगदी त्याच क्रमाने. चूक आमची होती, म्हटलं तेव्हा एक तंत्रज्ञ दचकून वर बघायला लागला. पुरवठादाराच्या तोंडी हे वाक्य त्याने कधी ऐकलं नसावं. चकत्या हातोहात फिरल्या. एकेकाचं बोट धरून मी चिरेवरून फिरवलं, आमान बाईंचंसुद्धा! नंतर लक्षात आलं आणि कानशिलं तापली. पण बाईंनी हात काढून घेतला नाही. परत एकदा आपण होऊन फिरवला.

"हे कोणी शोधलं?"

"रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. आणि बनवलं आमच्या अत्तिलियोने."

नवा व्हॉल्व्ह मशीनला लावला. वाफ. सगळे श्वास रोखून. काही नाही. नुसती वाफ.

त्या बाहेर जाऊन कोणाशी तरी बोलून आल्या. उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "दुपारच्या पुरवठादारांना मी नको म्हणून कळवलंय. दोन वर्षांचा करार करू. तुमच्या नावाने पाठवू की श्री. वालसेक्कींच्या?"

मला वाटलं मी बसले. बसलेलीच होते.

बारा वीसला साहेबांना निरोप. "ऑर्डर मिळाली! दोन वर्षं! शिट्टी नाही!" मग एकच शब्द. "शाब्बास." आणि पाठोपाठ, "मी घरी जातो."

पैज हरले म्हणून रुसले वाटतं! येताना सबंध रस्ता मी खिडकीला टेकून हसत होते.

२८ मार्च, शुक्रवार

कारखान्यात गोंधळ. अत्तिलियोने घरची वाइन आणली, कोणी ईस्टरचा केक तीन आठवडे आधीच फोडला. साहेब उशिरा आले. अंगात भारी सूट, कालचाच असावा, चुरगळलेला. सगळे ओरडले, "साहेब, आगगाडी जिंकली!"

"जिंकली, जिंकली," म्हणाले. अत्तिलियोचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. अत्तिलियो बिचारा माझ्याकडे बघतोय, काय करू म्हणून.

३ एप्रिल, गुरुवार

साहेबांनी मला वर्षभराचा रेल्वे पास काढून दिला. न मागता!

काकांना सगळं ओरडून सांगितलं. त्यांनी भांड्यावर दोनदा बोटांनी ठोकलं. "तुमचा लेथवाला बघायचाय मला," म्हणाले.

९ एप्रिल, बुधवार

काका लेक्कोला येऊन गेले. अत्तिलियो सकाळपासून तीनदा केस विंचरून आला होता. आल्यावर दोघं लेथपाशी उभे राहून दोन तास एकमेकांवर ओरडत होते. मी मध्ये पडायला गेले तर अत्तिलियो म्हणाला, "भांडत नाही गं. बोलतोय!"

जाताना काका म्हणाले, महिन्यातून एक दिवस येत जाईन, चालेल? अत्तिलियोच "चालेल" म्हणाला. साहेबांना विचारायच्या आधी.

११ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं.

म्हणाले, सत्तावीसला सकाळी दहा वाजता झुरिकला वकिलाकडे त्यांची सही होती. कारखाना विकल्याची. घेणारे झुरिकचे, इथे घरं बांधणार होते. सही करून अकराला येऊन मला सांगणार होते, बाई, पेटी मिट, आता गरज नाही. पैज म्हणजे नुसतं नाटक. विमान गेल्यावर वकिलाने वेळ दुपारी चारची केली. ते परत रांगेत उभे राहिले. बूट हातात, पट्टा ट्रेमध्ये. तेवढ्यात माझा निरोप आला.

"मग?"

"मग काय. बूट घातले आणि रांगेतून बाहेर पडलो."

ते खिडकीकडे वळले, पण चिडलेले नव्हते.

"माझ्यापुढे पाच माणसं उरली होती, ओर्नेल्ला," म्हणाले. "फक्त पाच."